'फेटल फ्रेम': पाण्यातली भुतं की चांदण्यातली?

'फेटल फ्रेम' या जपानी भुताच्या गेम-मालिकेतले 'मेडन ऑफ ब्लॅक वॉटर' आणि 'मास्क ऑफ द लुनर इक्लिप्स' हे दोन्ही गेम मी शेवटपर्यंत खेळलोय. पहिला 2021 च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या गेमच्या सुधारित आवृत्तीत, दुसरा 2023 मध्ये. सध्या माझा मावसभाव 'एकालाच पैसे घालायचेत, कोणता घेऊ?' म्हणून मागे लागलाय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्यानं भुतांना टिपायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. भूत झडप घालायच्या अगदी आधीच्या क्षणापर्यंत छाती धडधडत थांबायचं आणि मग बटण दाबायचं. मालिकेचा हा प्राण दोन्ही गेममध्ये शाबूत आहे.

झुंजीपुरतं बोलायचं तर 'मेडन' सरस आहे, यात मला शंका नाही. तो मुळात 2014 साली निन्टेन्डोच्या वी यू या गेम-यंत्रासाठी केलेला गेम. तिथं हातातला पडदा असलेला गेमपॅड हाच कॅमेरा होता. म्हणून चौकट आडवी-तिरकी फिरवून भूत आणि त्याच्यातून तुटलेले तुकडे एकाच फोटोत बसवणं हा लढाईचा भागच झालाय. ते नेमकं जमलं की फार समाधान मिळतं. त्यात भिजण्याची कल्पना सुंदर. अंग जितकं ओलं, तितकी भुतं जास्त ओढली जातात आणि मारही जास्त लागतो. पण तुमचा फोटोही तितकाच जोरात बसतो. कोरडं व्हावं की ओलंच राहावं, हा विचार पूर्ण गेमभर सुटत नाही. पावसाळ्यात चिंब कपड्यांनी अंधारी वाट तुडवलेल्या माणसाला ती शिरशिरी वेगळी समजवावी लागणार नाही.

मग बिनसलं कुठं? तर गेमच्या रचनेत. युरी, रेन आणि मिऊ असे तिघं आळीपाळीनं हिकामी डोंगरावर जातात. प्रकरण सुरू होण्याआधी दुकानात गेल्यासारखी फिल्म आणि औषधं घ्यायची, डोंगर चढायचा, कुणाला तरी शोधायचं. प्रकरण संपलं की गुण आणि श्रेणी दाखवणारा निकाल समोर येतो. पुढच्या प्रकरणात माणूस दुसरा, पण बऱ्याचदा डोंगराची वाट तीच. पहिल्यांदा त्या वाटेवर माझी पाचावर धारण बसली होती. तिसऱ्यांदा मात्र कोणत्या वळणावर काय आहे ते पाठ झालं होतं आणि मी नुसता पाय ओढत होतो. खरी बोच त्या निकालाची. तासभर जमवलेली भीती तो पडदा एका क्षणात पुसून टाकतो. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आल्यासारखं वाटायचं. मी लॅपटॉप मिटायचो आणि शांत झोपायचो. भुताच्या गेमनंतर शांत झोप लागावी, हे मला काही पटलं नाही.

'लुनर इक्लिप्स'नं मला असं झोपू दिलं नाही. हा मूळचा 2008 चा, वी यूच्या आधीच्या वी या यंत्रावरचा गेम. तेव्हा फक्त जपानमध्ये आला आणि बाकी जगाला अधिकृतपणे खेळायला जवळजवळ 15 वर्षं थांबावं लागलं. रोगेत्सु नावाचं बेट. दहा वर्षांपूर्वी तिथल्या एका विधीदरम्यान पाच मुली नाहीशा झाल्या होत्या. एका पोलिसानं त्यांना शोधून काढलं, पण त्यांची आठवण पुसली गेली होती. त्यांतल्या दोघी आता मेल्यात आणि उरलेल्या बेटावर परततात. प्रकरणं आणि बदलती पात्रं इथंही आहेत, त्याच खोल्यांतून फिरणंही आहे. पण इथली पुनरावृत्ती मला जाचली नाही. बेटावरच्या रुग्णालयाची इमारत हळूहळू आपली होत जाते आणि जितकी ओळखीची होते तितकी जास्त भिववते. तिथल्या रुग्णांचा आजार असा, की आधी आठवणी जातात आणि मग आरशातला चेहराही आपला वाटेनासा होतो. त्यांच्या वह्या-चिठ्ठ्या वाचताना मी दोनदा खेळ थांबवून खोलीतला दिवा लावला.

याचे दोषही सांगायला हवेत. परतलेल्या मुलींपैकी एक, रुका, फार हळू चालते, वळते त्याहून हळू. धावायचं बटण दाबलं तरी धावते असं म्हणवत नाही. निशाणा धरताना हात आखडल्यासारखा वाटतो. पियानो वाजवायचे प्रसंग काहींना नकोसे होतील. मला ते आवडले, पण एका ठिकाणी बऱ्याच वेळा हरलो. वस्तू उचलायला बटण दाबून धरायचं आणि हात इंचाइंचानं पुढं जायचा, हे दोन्हीकडे आहे. अधूनमधून दुसराच हात येऊन मनगट धरतो. 'मेडन'मध्ये मला त्याची सवय झाली, इथं शेवटपर्यंत झाली नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. 'मेडन'चा डोंगर म्हणजे जीव द्यायला येणाऱ्यांचा डोंगर आहे आणि गेम त्या विषयाच्या फार जवळ जातो. तुमच्या घरात किंवा मनात अशी जखम असेल, तर तो राहू द्या.

तुम्हाला झुंज महत्त्वाची असेल, किंवा रोज अर्धा तासच मिळत असेल, तर 'मेडन' कदाचित जास्त सोयीचा पडेल. मावसभावाला मात्र मी 'लुनर इक्लिप्स' घ्यायला सांगितलं. सुरुवातीचा मादोकाचा, म्हणजे परतलेल्यांतल्या आणखी एका मुलीचा, भाग हेडफोन लावून एका बैठकीत संपव, मध्ये उठू नकोस, एवढंच बजावलं. काल रात्री पावणेएकला त्याचा मेसेज आला: 'दादा, जागा आहेस का?'