बिनभोकाचा ब्रेक सांगून कार्बनच्या चिमट्याला भोक पाडलं, ट्रॅक सायकलवाल्यांनी सावध राहा

ट्रॅक सायकलला भोक न पाडता काढता-घालता येणारा पुढचा ब्रेक बसवून देतो असं कुणी सांगत असेल तर पैसे द्यायच्या आधी पुढचं चाक काढायला लावा आणि चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, खालून वर नळीत बॅटरी मारून बघा. बहुतेक फोर्कचं खालचं तोंड उघडं असतं, आत आडवा बोल्ट गेलेला दिसला की समजा भोक पाडलंय, मग वर कसली का प्लेट लावलेली असेना. हे आधीच सांगितलं कारण सगळं वाचायला कुणाला वेळ नसला तरी एवढं तरी कळावं.

माझा भाचा परभणीला आमच्याकडं राहून शिकतो आणि ट्रॅकची सायकलिंग करतो. ट्रॅक सायकलला ब्रेक नसतोच, फ्रीव्हील नाही, पायडल चाकाबरोबर फिरतच राहतं, आणि यूसीआय म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमात ट्रॅकवर ब्रेक लावलेली सायकल चालत नाही, शर्यतीतही नाही अन् सरावातही नाही. पण वेलोड्रोमसाठी म्हणजे सायकलच्या ट्रॅकसाठी आपल्याला पुण्याला बालेवाडी गाठावी लागते, मग रोजचा सराव कुठं करणार, तर गंगाखेड रोडला. कारखाने सुरू झाले की त्या रोडला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मधीच कुत्रं आडवं येतं, गावापाशी पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर, तिथं नुसत्या पायानं रेटून सायकल थांबत नसते. वेगात थांबायचं तर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून एकच ब्रेक लावायचा असला तरी तो पुढंच लावावा लागतो. पोरगं म्हणलं मामा रस्त्यासाठी ब्रेक पाहिजे आणि बालेवाडीला जाताना काढता आला पाहिजे. मागणी एकदम बरोबर होती.

त्याच्या सायकलचा फोर्क कार्बनचा, चपट्या पायाचा, आणि क्राउनला म्हणजे जिथं दोन्ही पाय एकत्र येतात तिथं ब्रेकचं भोक नसलेला. संभाजीनगरातल्या एका दुकानाचं नाव कानावर आलं, प्रकरण चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. तिथला माणूस बोलायला लई गोड. म्हणला, "काका, टेन्शनच घेऊ नका, इम्पोर्टेड ब्रॅकेट आहे, क्लॅम्पवर बसतंय, ड्रिल मारायचं कामच नाही. शर्यतीच्या दिवशी कॅलिपर काढला की सायकल जशीच्या तशी." ब्रॅकेट, कॅलिपर म्हणजे रीमला दोन्हीकडून दाबणारा ब्रेक, लिव्हर, केबल आणि मजुरी मिळून ४८०० रुपये. आम्ही समोर थांबतो म्हणलं तर आत जागा नाही, सायकल ठेवून जा, संध्याकाळी न्या. संध्याकाळी सायकल दिली तेव्हा क्राउनवर एक काळी प्लेट, दोन बाजूंना बारीक स्क्रू, त्याच्यावर कॅलिपर, बघायला एकदम कंपनीचं काम. आणि जाता जाता पोराला बजावून सांगितलं की कॅलिपर काढ पण ही प्लेट अजिबात काढू नको, तिचं अलाइनमेंट मशीनवर केलंय, हलली की गॅरंटी गेली.

त्या एका वाक्यातच सगळी चोरी होती. जे क्लॅम्पवर बसतं ते पान्यानं सोडलं की निघतं आणि परत आवळलं की बसतं, त्याला हात लावू नको म्हणायचं कारणच नाही.

बालेवाडीला शिबिराला गेल्यावर तिथल्या मेकॅनिकनं ब्रेकचा कुठलाच भाग सायकलवर नको म्हणून ती प्लेट सोडली. स्क्रू नुसते शोभेचे, प्लेट कशालाच धरून नव्हती, कॅलिपरचा बोल्ट तिच्यातून सरळ फोर्कमध्ये गेलेला. खाली सहा मिलीमीटरचं आरपार भोक, मागच्या बाजूला रिसेस नट म्हणजे भोकाच्या आत बसणारा लांब नट बसवायला ते आणखी आठपर्यंत मोठं केलेलं, कडेचे कार्बनचे धागे पिंजलेले आणि त्याच्यावर गाडीच्या डेंटिंगवाले भरतात तसली लांबी म्हणजे पुटी भरून काळा रंग मारलेला. भोकाच्या कडेपासून खाली एक केसासारखी रेघ निघाली होती. मेकॅनिकनं सायकल बाजूला उभी केली आणि पोराला म्हणला ही परत चालवायची नाही. पोरगं फोनवर बोलताना रडत होतं, शिबिर पण हातचं गेलं.

आता ह्यात धोका कशाचा ते नीट सांगतो. कार्बनची ताकद त्याच्या सलग धाग्यांत असते, भोक पाडलं की धागे तुटतात आणि थर एकमेकांपासून सुटायला लागतात. ब्रेकसाठी बनवलेल्या कार्बन फोर्कला कंपनीच भोकाची जागा जाड करून देते, बिनभोकाच्या ट्रॅक फोर्कला तसं काही नसतं. वर ब्रेक दाबला की फिरती रीम कॅलिपरला आपल्याबरोबर पुढं ओढते, तो सगळा झटका त्या एका बोल्टवर आणि त्या कमजोर भोकावर येतो, म्हणजे पोरगं जितकं जोरात ब्रेक मारणार तितकी ती रेघ वाढणार. लोखंडाचा चिमटा आधी वाकतो, काहीतरी सूचना देतो, कार्बन बहुतेक वेळा एकदमच तुटतो. पुढचा चिमटा चालत्या सायकलीत तुटला तर माणूस तोंडावरच जातो आणि मागून ट्रॉली येत असली तर पुढचं मला लिहवत नाही. पैशाचं मी विसरेन पण ह्या माणसाला हे सगळं माहीत होतं, माहीत नसतं तर लांबी भरून लपवलं कशाला असतं.

क्लॅम्पचं ब्रॅकेट हा प्रकार खोटा नाही हेही सांगतो, खरंच मिळतं, पण ते गोल पायाच्या लोखंडी फोर्कसाठी. चपट्या पायावर ते नीट धरत नाही, आणि पातळ कार्बनवर आवळलं तर कार्बनच चेपतो. भरीव क्राउनच्या लोखंडी चिमट्याला जाणकार माणूस भोक पाडून देऊ शकतो. कार्बनवाल्यांना सरळ मार्ग एकच, सरावासाठी ब्रेकचं भोक असलेला वेगळा फोर्क घ्यायचा, स्टीअररची म्हणजे फोर्कच्या वरच्या नळीची जाडी, उंची आणि रेक म्हणजे पायांचा पुढं आलेला बाक जुळवून घ्यायचा, आणि ट्रॅकवर जाताना मूळचा परत बसवायचा. काम अर्ध्या तासाचं आहे. कॅलिपरचा रीच म्हणजे बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर पण मोजून घ्या, ३९ ते ४९ आणि ४७ ते ५७ मिलीमीटर असे दोन प्रकार सर्रास मिळतात, चुकीचा लावला तर पॅड रीमऐवजी टायरला घासतो. आणि रीमला ब्रेक घासायची सपाट पट्टी आहे का तेही बघा, ट्रॅकच्या कितीतरी चाकांना ती नसते.

दुकानात परत गेलो तर आधी म्हणला भोक आधीपासूनच होतं. मी सायकल घेतली त्या दिवशीचे फोटो दाखवले, क्राउन कोरा दिसतोय, तर म्हणला पोरानं बाहेर कुठंतरी पाडून घेतलं असंल. बिलावर त्याच्याच अक्षरात "रिमूव्हेबल ब्रॅकेट, विदाउट ड्रिल" लिहिलेलं दाखवल्यावर अर्धे पैसे घ्या अन् मिटवा म्हणला. मी घेतले नाहीत.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथून काही हललं नाही म्हणून वकिलाची नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाच्या गावाला चकरा माराव्या लागत नाहीत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल, फोटो आणि तुटका-फुटका कसाही असला तरी तो फोर्क सांभाळून ठेवा, दुकानदार बदलून देतो म्हणून मागत असला तरी देऊ नका, पुरावा तोच आहे.

मागच्या आठवड्यात नांदेडच्या एका वडिलांनी त्यांच्या मुलीच्या सायकलचा फोटो पाठवला. तीच काळी प्लेट, तेच दोन शोभेचे स्क्रू, तेच दुकान. मी त्यांना चाक काढून खालून बॅटरी मारायला सांगितलं, आत बोल्ट आडवा दिसला. त्यांनी मुलीची सायकल त्याच दिवशी बंद केली आणि आता त्यांचं बिल पण आमच्या तक्रारीला जोडतोय.