‘शुद्ध कार्बन शाई’ म्हणून मला जे विकलं गेलं

कृष्णधवल फोटो घरच्या इंकजेटवर छापत असाल तर हे जरूर वाचा. मी फसले आहे, आणि तोच माल अजून विकला जातोय.

वडिलांनी काढलेले जुने फोटो निगेटिव्हवरून स्कॅन करून भावंडांना द्यायचे होते. माझा प्रिंटर करडा रंग निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून बनवायचा. प्रमाण जरा हललं की करड्यावर झाक आलीच. दिवसा खिडकीपाशी ठीक दिसणारा प्रिंट रात्री पिवळ्या दिव्याखाली हिरवट वाटायचा. नुसती काळी शाई वापरली तर उजळ भागात, म्हणजे नेमके चेहऱ्यावर, ठिपके दिसत.

तेवढ्यात एक जाहिरात दिसली. रंगीत शायांच्या जागी भरायचा करड्या शायांचा संच, ‘१०० टक्के कार्बन पिगमेंट (म्हणजे न विरघळणारे रंगाचे बारीक कण), कुठल्याही कागदावर पूर्ण न्यूट्रल’, म्हणजे कुठलीच झाक नसलेला करडा, शिवाय माझ्या प्रिंटरसाठी खास बनवलेलं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या छटेला कोणती शाई किती सोडायची हे प्रिंटरला सांगणारी फाइल. मी इथेच थांबायला हवं होतं. निव्वळ कार्बन मुळात तपकिरीकडे झुकतो, आणि शाई पातळ केली की ते जास्तच जाणवतं. तो न्यूट्रल करायला थोडं निळं पिगमेंट मिसळावं लागतं, मग १०० टक्के कार्बन कसला? त्यात कागदाचा स्वतःचा रंगही प्रिंटमध्ये उतरतो. हे मला फार उशिरा कळलं.

प्रोफाइलसाठी त्यांनी चौकटींचा तक्ता पाठवला. प्रिंटरचं कलर मॅनेजमेंट, म्हणजे आपोआप रंग जुळवणं, बंद ठेवून तो छापायचा, कागद त्यांना धाडायचा, मग ते स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजायच्या यंत्राने एकेक चौकट मोजणार. मी सकाळी कुरिअर केलं आणि त्याच संध्याकाळी प्रोफाइल ईमेलने हजर! माझा कागद अजून वाटेतच होता. फोन केला तर म्हणाले, “मॅडम, तुमच्या मॉडेलचं आमच्याकडे तयार होतं, तेच जास्त अचूक आहे.” मी ऐकून घेतलं, कारण मला छापायची घाई होती.

पहिले प्रिंट खरंच सुरेख आले. ४ महिन्यांनी भिंतीवरचा फोटो तांबूस पडला. अल्बममधली त्याचीच प्रत मात्र जशीच्या तशी होती. कार्बन उजेडाने असा विटत नाही. मग बाटलीतला एक थेंब टिपकागदावर टाकला, पूर्ण सुकू दिला आणि वर पाण्याचा थेंब सोडला. पिगमेंट सुकल्यावर बहुतेक जागीच राहतं. इथे काळ्या डागाभोवती आधी जांभळं, मग पिवळसर कडं पसरलं. ती साधी डाय शाई होती, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची.

खरेदीआधी त्यांनी मॅट कागदावरचा एक नमुना प्रिंट पाठवला होता. त्यावरही थेंब टाकून पाहिला, तो जराही पसरला नाही. माझ्या मॅट प्रिंटवर मात्र लगेच ओघळ आला. म्हणजे नमुना एका शाईचा आणि बाटल्यांत दुसरीच शाई. मला सगळ्यात जास्त चीड याची आली, कारण ही चूक नव्हती, ठरवून केलेलं होतं.

तक्रार केल्यावर आधी म्हणाले, कागद चुकीचा. मग म्हणाले, उघडलेली बाटली परत घेत नाही. त्यानंतर फोन उचलणंच बंद. प्रिंटरमधून ती शाई धुऊन काढताना शाई सोडणारे दोन नोझल कायमचे तुंबले.

असा संच कोणी मागवलाच असेल तर प्रिंटरमध्ये ओतण्याआधी प्रत्येक बाटलीचा एक थेंब टिपकागदावर टाका, आणि प्रोफाइल कधी बनलं तेही विचारा. भावंडांना मी कळवलं आहे की फोटो भिंतीवरून उतरवून अल्बममध्ये ठेवा, नवे छापून देते.