स्कॉटलंडचा पैसा: लंडनचे अनुदान की स्वतःचा कर?

स्कॉटलंड सरकारच्या तिजोरीत पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट लंडनच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या ठोक अनुदानाची. 1970च्या दशकाअखेरीपासून चालत आलेल्या बार्नेट सूत्रानुसार इंग्लंडचा आरोग्य-शिक्षणावरचा खर्च वाढला, की लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडलाही वाटा मिळतो. तो कशावर खर्चायचा हे एडिनबरा, म्हणजे स्कॉटलंडचे सरकार ठरवते. 2011 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे मोफत झाली, ती याच मोकळीकीतून. पण इंग्लंडने हात आखडला की तिथेही कात्री लागते.

दुसरी वाट प्राप्तिकराची, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. 2017 पासून पगारासारख्या उत्पन्नावरचे दर आणि टप्पे स्कॉटिश संसद ठरवते. 2024-25 मध्ये टप्पे सहा झाले, सर्वोच्च दर 48 टक्के. बदल्यात अनुदानातून कपात होते, आणि ती उर्वरित ब्रिटनच्या करउत्पन्नाच्या गतीने वाढते. म्हणून करउत्पन्न उर्वरित ब्रिटनपेक्षा मंद वाढले तर तोटा स्कॉटलंडचाच. करउत्पन्नाचा आधी बांधलेला अंदाज चुकला आणि पैसा कमी आला, तर फरकाची वसुली साधारण तीन वर्षांनी, तीही चालू अर्थसंकल्पातून.

तरीही मला दुसरी वाटच पटते, कारण तिथे कर लावणाऱ्यालाच मतदार जाब विचारू शकतो. फक्त कर्ज काढण्याची मर्यादा आणखी सैल हवी. नाहीतर जुन्या अंदाजाची चूक भरताना आजच्या शाळा-दवाखान्यांचा पैसा जातो.