पुढच्या आठवड्यात कोकणात समुद्रावर जायचंय: हवामान खातं, इन्कॉइस की विंडी, कुणाचं बघायचं?

दसरा जवळ आला की सांगली, मिरज, कराडच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, मालवणला जाऊया का, समुद्र कसा असेल, आणि मग कुणीतरी मोबाईलच्या वेदर ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं, त्यात सूर्याचं चित्र असतं, झालं, लगेच बुकिंग. पण ते चित्र आभाळाचं आहे, पाण्याचं त्यात काहीच नाही. कडक ऊन पडलंय, वारा नाही, आणि समुद्र मात्र उसळतोय असं कोकणात होतं, आणि घाटावरची आपली माणसं अशाच दिवशी पाण्यात उतरतात, कारण पाऊस असला तर कोण जातंय पाण्यात. म्हणून नीट लिहितोय, कारण कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस समुद्रालाही नदीच समजतो आणि त्यात जीव जातात.

बघायला मुख्य तीन ठिकाणं आहेत, हवामान खातं म्हणजे आयएमडी, समुद्राचा अंदाज देणारं हैदराबादचं इन्कॉइस, आणि विंडी हे हवामानाचं ॲप. तिन्ही फुकट बघता येतात.

आयएमडीचा जिल्हावार अलर्ट सगळ्यांना माहितीय, हिरवा, यलो, ऑरेंज, रेड. पण लोक घोळ करतात तो असा की सांगलीचा हिरवा बघून निघतात. आपण मध्य महाराष्ट्र विभागात येतो, सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकण-गोवा विभागात, दोन्हीचा पाऊस वेगळा, अंदाज वेगळा, आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या आभाळाचा मालवणशी संबंध नाही. दुसरं म्हणजे जिल्ह्याचा रंग मुख्यतः पाऊस, वीज आणि वाऱ्याचा असतो (२४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की 'जोरदार पाऊस' धरतात), समुद्रासाठी मच्छीमारांचा इशारा आणि किनारपट्टीचं बुलेटिन वेगळं निघतं, ते उघडून वाचायचं. त्यात 'ताशी ४५ ते ५५ किमी वारे, झोत ६५ पर्यंत, समुद्रात जाऊ नये' असं वाक्य दिसलं की विषय संपला, मग विंडीवर कितीही शांत दिसू दे. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला तरी तेच.

पण आयएमडीची एक अडचण आहे, भाषा जहाज आणि होडीवाल्यांसाठीची आहे. 'समुद्र मध्यम' असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं बरं आहे की. त्या मोजपट्टीत मध्यम म्हणजे लाटा सव्वा ते अडीच मीटर. अडीच मीटर म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर. ट्रॉलरला ते मध्यम, तुमच्या आठ वर्षांच्या पोराला नाही.

इथं इन्कॉइस कामाला येतं, आणि माझ्या मते समुद्रात पाय घालणाऱ्यानं पहिलं हेच बघावं, जरी आपल्याकडं त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. १९९९ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, काम फक्त समुद्राचं. लाटेची उंची, दिशा आणि पिरियड म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, हे तीन-तीन तासांच्या टप्प्यानं मिळतं. रत्नागिरीसमोर लाटा मोजणारा तरंगता बोयापण आहे त्यांचा. सगळे उंची बघतात, पिरियड कुणी बघत नाही, आणि खरी गोष्ट पिरियडमध्येच आहे. एक मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर ती तिथल्याच वाऱ्यानं उठलेली, खोल पाण्यात तिची लांबी साधारण ५५ मीटर, किनाऱ्यावर फुसकन फुटते. तीच एक मीटर १६ सेकंदांची असेल तर लांबी ४०० मीटर, म्हणजे कुठंतरी लांब, अगदी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून निघून आलेली, खोल समुद्रात दिसतपण नाही पण उथळात आली की उभी राहते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. याला स्वेल म्हणतात, आणि इन्कॉइस हाय वेव्ह किंवा स्वेल सर्जचा अलर्ट देतं तो यासाठीच, त्या दिवशी आभाळ निळंशार असू शकतं. आणखी एक, दिलेली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते, ती धरूनच मुलांना कुठवर सोडायचं ते ठरवा.

विंडी दिसायला सगळ्यात भारी, आणि प्लॅनिंगला खरंच चांगलं. पण ती स्वतः अंदाज करणारी संस्था नाही, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस अशी मॉडेल्स ती दाखवते. ईसीएमडब्ल्यूएफची जाळी ९ किलोमीटरची, म्हणजे एकेक चौकोन तेवढा मोठा, त्यामुळं देवबागची खाडी, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक असलं काही तिला दिसत नाही. मी तिचा उपयोग एवढाच करतो की दोन्ही मॉडेल आलटून पालटून बघायची, जुळत असतील तर भरवसा, एक शनिवारी वारा दाखवतंय आणि दुसरं सोमवारी, तर अजून कुणालाच नक्की माहीत नाही असं समजून थांबायचं. पहिले तीन दिवस बऱ्यापैकी धरून चाला, चौथा-पाचवा नुसता कल कळतो, सहावा-सातवा बघून हॉटेलचे नॉन-रिफंडेबल पैसे भरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, त्याची वाट दिवसागणिक बदलते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार चक्रीवादळ महाराष्ट्राला धडकलंच नाही, लांबून ओमानच्या दिशेनं गेलं, तरी देवगड-मालवणला समुद्र आत शिरला होता.

भरतीसाठी मात्र तिघांपैकी कुणाची गरज नाही, कोकणातला जुना हिशोब पुरतो, तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. दसऱ्याला दशमी, म्हणजे साडेसात, सकाळी साडेसात आणि रात्री आठच्या आसपास भरती, दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मालवणकडं मुंबईपेक्षा थोडं आधी धरा. आता तुलना करा, दसऱ्याचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाणी कमी चढतं-उतरतं. कोजागिरीला उधाण, पाणी जास्त वर येणार आणि जास्त जोरानं मागं जाणार. सुट्टी दोन्हीकडं मिळत असेल आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी दसराच निवडेन, स्वेल नसेल तर.

मग कुणी काय बघायचं? नुसतं गणपतीपुळ्याला दर्शन आणि माशाचं जेवण असेल तर आयएमडीचा जिल्हा अलर्ट बास, समुद्रात उतरू नका, तिथं बोर्ड उगीच लावलेले नाहीत. तारकर्लीला स्कूबा किंवा किल्ल्याची होडी असेल तर इन्कॉइसचा पिरियड आणि विंडीचा वारा दोन्ही, आणि सकाळचीच वेळ घ्या कारण दुपारनंतर खारा वारा वाढतो, पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि खालचं काही दिसत नाही. पावसाळ्यात बंद असलेली ही कामं सप्टेंबरात सुरू होतात पण होडीवाला नको म्हणाला तर पैसे वाढवून विचारू नका, तो पाणी बघून सांगतोय. खडकावर गळ टाकून बसणाऱ्यांनी तर इन्कॉइस बघितल्याशिवाय जाऊच नये, मोठी लाट तिथं न सांगता येते.

आणि घाट विसरू नका. साताऱ्याहून गुहागरला कुंभार्लीनं जाणार असाल तर आयएमडी 'सातारा घाट' असा वेगळा अलर्ट देतं, साताऱ्याचा साधा अंदाज नव्हे तो बघा. सांगलीकर गगनबावड्याकडून उतरत असतील तर कोल्हापूर घाट. ऑक्टोबरात दुपारी ढग चढतात, तीन-चारला विजा सुरू, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत घाट उतरा, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाकून ठेवा. निघायच्या आदल्या रात्री इन्कॉइस आणि मच्छीमारांचा इशारा परत एकदा उघडायचा, आणि दोघांपैकी एकानं जरी नको म्हटलं तरी कोकणात जा, रहा, खा, पाण्यात मात्र नाही.