म्हातारी मांजर घरात शू करते: ट्रे, खोली की डायपर?

चिंगी १६ वर्षांची झाली त्या पावसाळ्यात आमच्या पायपुसण्याला पहिल्यांदा वास आला. मग सोफ्यामागे, मग आईच्या गादीवर. घरच्यांनी निकाल देऊन टाकला: मुद्दाम करते. एका रात्री मी जागी राहून पाहिलं. ती अगदी शहाण्यासारखी ट्रेपाशी गेली, पुढचे दोन पाय उचलून आत ठेवले, मागचे बाहेरच राहिले आणि शू सगळी कडेवरून फरशीवर. तिच्या हिशेबाने ती ट्रेमध्येच बसली होती.

अशा वेळी सल्ले तीनच मिळतात: ट्रे बदला, एका खोलीत ठेवा, डायपर लावा. मी तिन्ही करून बसले आहे. पण यातलं काहीही करायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या. या वयात अचानक सुरू झालेल्या शूमागे बहुधा किडनी, मधुमेह, थायरॉइड, मूत्राशयाचा त्रास नाहीतर सांधे असतात. रक्तात क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), साखर आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक), सोबत रक्तदाब, आणि लघवीची तपासणी घनतेसकट करून घ्या. क्रिएटिनिन चढेपर्यंत किडनीचं तीन चतुर्थांश काम गेलेलं असू शकतं. लघवी पातळ व्हायला त्याआधीच सुरुवात झालेली असते.

सांध्यांकडे आमचंही दुर्लक्ष झालं होतं, कारण चिंगी लंगडत नव्हती. मांजरी सहसा लंगडत नाहीत, उड्या मारायचं सोडतात. २००२ साली अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरींचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० जणींच्या हाडा-सांध्यांत झीज दिसली होती. पण सांधे दुखतात म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरते, अर्ध्या गोळीनेसुद्धा. आणि बोका पुन्हा पुन्हा बसून कण्हतोय, पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच तासाला निघा.

तिन्हीतलं काय निवडायचं हे एका गोष्टीवर ठरतं: ती शू करते, की तिची शू गळते? जाऊन, बसून, शू करून निघून येत असेल तर तिला जागा सोयीची करून द्यायची आहे. झोपून उठल्यावर अंगाखाली ओलं सापडत असेल, तिला स्वतःला पत्ताच नसेल, तर ते गळणं. तिथे ट्रे कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

शू करणाऱ्या मांजरीसाठी माझं मत सरळ ट्रेला, आणि तेही दुकानातल्या नाही. झाकणाचे, उंच कडांचे ट्रे तरुण मांजरींसाठी ठीक. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून मोठं चौकोनी प्लास्टिकचं टब आणलं, एका बाजूची कड गरम सुरीने कापून चार बोटं उंचीची ठेवली आणि कापलेली धार पॉलिश पेपरने घासली. बाकी तीन कडा उंचच, म्हणजे बाहेर सांडत नाही. असे टब एका मांजरीला किमान दोन, आणि दोन्ही शेजारी शेजारी नकोत. एक जिथे झोपते तिथून दहा पावलांवर, एक जिथे चूक होते नेमकी तिथे. आईच्या पलंगाशेजारी टब ठेवायला आईची समजूत काढायला आठवडा गेला, पण गादी त्या दिवसापासून कोरडी आहे.

टबात काय घालायचं? सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण ओला भुसा पंजांना चिकटून घरभर फिरतो. लाकडाच्या गोळ्या वास चांगला धरतात, पण दुखऱ्या तळव्यांना टोचतात. चिंगीने एकदा पाय ठेवला आणि झटकून परत फिरली. बेंटोनाइटची बारीक माती जड आणि धुळीची असते, तरी मी तीच घेते. पाय त्यात मऊ पडतो, आणि शूचा गोळा बनतो. किडनीच्या मांजरीसाठी हा गोळा म्हणजे घरातलं मोजमाप. पूर्वी लिंबाएवढा असायचा, आता संत्र्याएवढा. डॉक्टरांना हे सांगितलं की त्यांना बरंच कळतं. सुगंधी माती मात्र नको.

खोलीचा मार्ग मला अर्धाच पटला. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या किंवा घरातल्या घरात वाट चुकणाऱ्या मांजरीला छोटी जागा बरी वाटते: एका कोपऱ्यात अंथरूण, समोर टब, पाणी-खाणं दुसऱ्या टोकाला. पण जन्मभर माणसांच्या पायाशी झोपलेल्या मांजरीला दार लावून कोंडलं तर ती रात्रभर ओरडते, आणि मग शेजारी तुमच्याकडे येतात. आम्ही फक्त घराबाहेर जाताना खोली वापरतो. आणि कुणी सुचवेल की संध्याकाळनंतर पाणी उचलून ठेवा. आमच्याकडेही सुचवलं गेलं. असं अजिबात करू नका. थकलेली किडनी पाणी धरू शकत नाही म्हणून मांजर जास्त पिते. पाणी काढलं तर शू कमी होणार नाही, मांजर सुकेल.

डायपर शेवटचा. पाठीच्या कण्याला मार बसलेली किंवा खरोखर गळणारी मांजर असेल तर घ्या. पण दिवसातून चार-पाच वेळा बदलणं, दर वेळी पुसून कोरडं करणं, केस कातरून ठेवणं हे जमणार असेल तरच. ओल्या डायपरने कातडी अक्षरशः भाजते. चिंगीला एकदा लावलं तर ती जागच्या जागी आडवी पडली आणि काढेपर्यंत उठली नाही. त्यापेक्षा अंथरुणाला पडलेल्या माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळतात ती अंडरपॅड तिच्या झोपायच्या जागेवर टाका, गादीवर चादरीखाली मेणकापड घाला. गळणं थोडं असेल तर एवढ्यात भागतं.

पुसायचं कशाने, यावर आमच्याकडे भांडण झालं. आईचा भरवसा काळ्या फिनेलवर. त्यातले फिनॉल मांजरीचं यकृत पचवू शकत नाही, आणि फरशीवर चालून ती पंजे चाटतेच. व्हिनेगरने वास दबतो, चार दिवसांनी दमट हवेत पुन्हा उठतो, कारण युरिक आम्लाचे खडे तिथेच असतात. ते मोडायला एन्झाइमचं द्रावण लागतं. महाग आहे. पण शू जितकी खोल मुरली तितकंच खोल ओता, पंधरा मिनिटं तरी भिजत ठेवा, घाईने पुसू नका, आणि त्या जागी आधी फिनेल वापरलं असेल तर पाण्याने धुऊन मगच. जुने डाग शोधायला नोटा तपासायची जांभळी टॉर्च चालते. अंधारात लावली तेव्हा सोफ्यामागे आम्हाला माहीत होते त्यापेक्षा पाच डाग जास्त निघाले.

सध्या घरात तीन टब आहेत आणि पायपुसणं एकही नाही. पावसात बाहेरून आलेले पाय आम्ही मोरीत धुतो आणि दाराला टांगलेल्या टॉवेलला पुसतो. मऊ काही जमिनीवर दिसलं की चिंगी अजूनही थांबून हुंगते.