पत्त्यांच्या जादूतून गणित शिकवणारा किट : घ्यावा का?

आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवते, त्यामुळे असलं काही दिसलं की राहवत नाही. पत्त्यांचा एक कॅट, एक पुस्तिका आणि बारा जादू, एवढाच किट. बारातल्या निम्म्या भरतीच्या आहेत.

पण एका जादूसाठी अख्खा किट माफ. गणितज्ञ फिच चेनी यांची पाच पानांची जादू. कुणीही कोणतीही पाच पानं काढून तुमच्या जोडीदाराला द्यायची, तो त्यातली चार एका ओळीत मांडणार आणि पाचवं लपलेलं पान तुम्ही ओळखायचं, ना खुणा ना खोकणं. पाच पानं आणि चारच चिन्हं, म्हणजे एका चिन्हाची निदान दोन पानं येणारच. समजा बदामची राणी आणि बदामची चौरी आली. एक्का 1, गुलाम 11, राणी 12, राजा 13 धरून गोल मोजायचं. राणीपासून पुढे राजा, एक्का, दुर्री, तिर्री, चौरी, झाली 5 पावलं. उलटीकडून 8 झाली असती, पण दोन्हींची बेरीज 13च, त्यामुळे एक बाजू कायम 6 किंवा कमी असते. म्हणून राणी पहिली मांडायची, चौरी लपवायची, आणि उरलेली तीन पानं? ती 6 प्रकारे लावता येतात, नेमके 6 आकडे सांगायला पुरेसे! मोठं-छोटं-मधलं म्हणजे 5 असं आधीच ठरवून ठेवायचं. हे पुस्तिकेत फार छान उलगडलंय, वर्गात एक मुलगी जवळजवळ ओरडलीच, "मॅडम, म्हणजे क्रमच बोलतोय!"

आता चिडचिड. 21 पानांच्या जादूत समोरच्याने एक पान मनात धरायचं, आपण पानं एकेक करून तीन गठ्ठ्यांत वाटायची आणि त्याने आपलं पान असलेला गठ्ठा दाखवायचा, असं तीनदा. पण पुस्तिकेत "निवडलेला गठ्ठा तीनदा मध्ये ठेवा, पान अकरावं येईल" एवढंच लिहून मोकळे, का येतं ते नाहीच. अहो सोपंय की, पहिल्यांदा 7 शक्यता उरतात, ती 7 पानं पुन्हा वाटली की एका गठ्ठ्यात त्यातली जास्तीत जास्त 3 पडतात, आणि तिसऱ्या वाटपात ती तिन्ही वेगवेगळ्या गठ्ठ्यांच्या बरोबर मध्ये जातात. तीन ओळींचं काम होतं, कारण नाही सांगितलं तर ती नुसती जादूच राहते ना.

आणि एक चूक तर सरळ नडली. "52 पत्ते अर्धे करून एकाआड एक 8 वेळा पिसले की मूळ क्रम परत येतो" असं छापलंय. आम्ही केलं, एक्का भलतीकडेच! डोकं खाजवल्यावर कळलं की सगळ्यात वरचं पान दर वेळी वरच राहायला हवं, ते आत सरकलं तर 8 नाही, तब्बल 52 वेळा लागतात. वरचं वर ठेवलं आणि त्याची जागा 0 धरून मोजलं की प्रत्येक पानाची जागा दुप्पट होत जाते, 51 ने भागून बाकी धरायची, आणि 2 चा आठवा घात 256 म्हणजे 51 च्या पाचपटीपेक्षा बरोबर 1 जास्त, म्हणून 8. ही अटच गाळलीय त्यांनी.

पाचातले तीन स्टार. कॅट मात्र आपला वापरा, यातली पानं इतकी जाड आहेत की एकमेकांत सरकतच नाहीत, शेवटी आम्ही दोन गठ्ठे करून एकेक पान हाताने उचलूनच 8 फेऱ्या पूर्ण केल्या.