‘कॅशफ्लो’: हिशेबाचा कागद शिकवणारा खेळ

पैशाचे व्यवहार शिकवतात म्हणून मुलांसाठी जे बैठे खेळ आणले जातात, त्यांतील बहुतेकांत खोट्या नोटा मोजण्यापलीकडे आणि फाशाच्या नशिबावर हरण्याजिंकण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ‘रिच डॅड पुअर डॅड’ या पुस्तकाचे लेखक रॉबर्ट कियोसाकी यांनी १९९६ मध्ये आणलेला ‘कॅशफ्लो’ हा खेळ मला त्यांहून वेगळा वाटतो, कारण त्यात प्रत्येक खेळाडूला स्वतःचा जमाखर्च आणि ताळेबंद स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. हा खेळ १४ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे आणि वयाची ही अट रास्त आहे. किशोरवयीन मुलांच्या घरात तो असावा, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र त्यातील प्रत्येक शिकवण जशीच्या तशी स्वीकारू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगेन.

खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला व्यवसायाचा एक पत्ता (कार्ड) मिळतो. त्यावरील पगार, कर, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि इतर खर्च असे सगळे आकडे आपल्या कागदावर उतरवून घ्यायचे, त्यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि महिन्याकाठी हातात काय उरते ते काढायचे. पटावर आतले एक वर्तुळ असते. त्यात उंदराच्या आकाराची सोंगटी फिरत राहते आणि पगाराच्या घरावरून पुढे गेले की ही उरलेली रक्कम मिळते. वाटेत शेअर, भाड्याने देण्याजोगी घरे आणि छोटे व्यवसाय विकत घेण्याच्या संधी येतात. अशा मालमत्तेतून येणारे नियमित उत्पन्न, म्हणजेच पॅसिव्ह इन्कम, एकूण मासिक खर्चापेक्षा जास्त झाले की खेळाडू आतल्या वर्तुळातून सुटतो आणि बाहेरच्या मोठ्या मार्गावर जातो.

या रचनेचे सर्वांत मोठे यश व्यवसायांच्या पत्त्यांमध्ये आहे. डॉक्टरचा पगार १३,२०० डॉलर आहे आणि सफाई कामगाराचा अवघा १,६००. पत्ते वाटले जातात तेव्हा डॉक्टर झालेले मूल खूश होते आणि सफाई कामगार झालेल्याचा चेहरा पडतो. पण डॉक्टरचा मासिक खर्च ९,६५० आहे आणि सफाई कामगाराचा ९५०. वर्तुळातून सुटण्यासाठी या खर्चाला ओलांडायचे असल्यामुळे एखादे भाड्याने दिलेले घर आणि योग्य वेळी विकलेले थोडे शेअर एवढ्यावर सफाई कामगार दारापर्यंत पोहोचतो, तर डॉक्टरला त्याच्या दसपट उत्पन्न उभे करावे लागते. पगार मोठा असणे आणि आर्थिकदृष्ट्या मोकळे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कितीही समजावून सांगितले तरी जे पटत नाही, ते हे दोन कागद शेजारी ठेवले की आपोआप दिसते.

कर्जाची शिकवणही अशीच कागदावर उमटते. बँकेकडून कर्ज हजाराच्या पटीत मिळते आणि प्रत्येक हजारामागे दरमहा शंभर द्यावे लागतात. हे शंभर मुद्दलातून वजा होत नाहीत; ते निव्वळ व्याज असते आणि मुद्दल फेडेपर्यंत ते चालूच राहते. हौसेच्या खरेदीच्या घरात सोंगटी पडली आणि नव्या बोटीचा पत्ता निघाला की कर्जाची रक्कम देण्यांत लिहायची, तिचा हप्ता खर्चात लिहायचा, एकूण खर्च खोडून नवा मांडायचा आणि हातात उरणारी रक्कमही खोडून कमी करायची. एकाच खरेदीने कागदावरचे चार आकडे बदलतात. शेजारच्या खेळाडूने हा हिशेब तपासायचा असतो आणि मुले एकमेकांच्या चुका इतक्या तत्परतेने शोधतात, की मोठ्यांना मध्ये पडावे लागत नाही. मूल जन्माला आले की खर्च वाढतो. नोकरकपात झाली की पूर्ण महिन्याचा खर्च भरून दोन डाव गमवावे लागतात. हाताशी रोकड का असावी, हे त्या दोन डावांत चांगलेच कळते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप कागदावरचाच आहे. राहत्या घराचे कर्ज देण्यांमध्ये छापलेले असते, पण त्या घराची किंमत मालमत्तेत कुठेच येत नाही. खिशात पैसे आणते तीच मालमत्ता, या कियोसाकी यांच्या व्याख्येतून ही मांडणी आली आहे. हिशेबशास्त्राच्या सर्वमान्य नियमांनुसार मात्र घर मालमत्तेतच लिहिले जाते, त्यामुळे पुढे वाणिज्य शाखेत जाणाऱ्या मुलाला हा फरक खेळतानाच समजावून द्यायला हवा. दुसरे असे, की उत्पन्न कितीही वाढले तरी पत्त्यावरचा कराचा आकडा तोच राहतो आणि महागाई नावाची गोष्ट या जगात नाही.

शेअरच्या बाबतीतली उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. शेअरच्या पत्त्यावर त्या दिवसाच्या भावाबरोबर तो शेअर कोणत्या दोन भावांदरम्यान फिरतो, हेही छापलेले असते. तळ आणि शिखर आधीच माहीत असल्यावर तळाशी भरपूर शेअर घेऊन वर विकणे हे शहाणपण ठरते. प्रत्यक्ष बाजारात तळ कुठे आहे हे कोणालाच माहीत नसते आणि जोखीम नेमकी तिथेच असते. शिवाय मोठे कर्ज काढून घर घेणाऱ्याला येथे बक्षीस मिळते, तर दरमहा थोडी थोडी बचत करून चक्रवाढीने ती वाढू देणाऱ्याला जवळपास जागाच नाही, कारण पत्त्यावरची सुरुवातीची शिल्लकही रोख म्हणून हातात दिली जाते आणि तिच्यावर व्याज मिळत नाही. नोकरी करणाऱ्याला चाकोरीत फिरणारा उंदीर ठरवणेही मला मान्य नाही. आपल्या कामात समाधान मानणारी माणसे असतात आणि मुलांना त्यांच्याविषयी आदर वाटला पाहिजे.

म्हणून हा खेळ मुलांच्या हाती देऊन मोकळे होऊ नये, एका जाणत्या माणसाने सोबत बसावे. शेअरच्या पत्त्यावरचे तळ-शिखराचे छापील भाव झाकून डाव पुन्हा खेळता येतो; काही फेऱ्यांनंतर सर्वांचा इतर खर्च दहा टक्क्यांनी वाढवला तर महागाईही आणता येते. एक डाव सहज दोन-तीन तास चालतो, त्यामुळे वेळ कमी असेल तर बाहेरचा मार्ग सोडून द्यावा. त्यात आकडे मोठे आणि शिकण्यासारखे थोडे आहे. याच मालिकेतील ‘कॅशफ्लो २०२’ हा पुढचा संच ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क) आणि शॉर्ट सेलिंग (उसने शेअर आधी विकून भाव पडल्यावर विकत घेणे) यांवर आधारलेला आहे आणि तो मी शाळकरी मुलांसाठी घेणार नाही. त्याऐवजी मूळ खेळाचेच कोरे कागद जास्तीचे छापून ठेवावेत, कारण खोडाखोड करून करून पहिला कागद फाटतोच.